मिस्टर बीनची तीनचाकी आणि डोंबिवलीची ३०९

घरात केबल आली तेव्हा जे शाळेत होते, त्यांना मिस्टर बीनची ओळख करून द्यायला नको. पोपटी मिनी, तिचं काळं बॉनेट, दाराला चक्क कडी-कुलूप आणि टपावर खुर्ची बांधून त्यावर बसून गाडी हाकणारा तो अवलिया! पण त्या मालिकेत आणखी एक पात्र होतं, ज्याचं नाव कुणालाच माहीत नसायचं. एक निळी, तीन चाकांची, गरीब चेहऱ्याची गाडी. बीन तिला कधी कट मारायचा, कधी पार्किंगमधून हुसकावायचा, आणि ती बिचारी दर वेळी आडवी व्हायची. आपण खो खो हसायचो. इतकी धड गाडी तीनच चाकांवर का, असा प्रश्न आपल्याला पडला नाही, कारण आपल्याला तीनचाकीचं अप्रूप नव्हतंच. स्टेशनबाहेर पडलं की शंभर उभ्या!

त्या निळ्या गाडीचं नाव रिलायंट रीगल सुपरव्हॅन. इंग्लंडमधल्या टॅमवर्थ नावाच्या गावी बनायची. आणि तिची तीन चाकं हा कुणा डिझायनरचा आगाऊपणा नव्हता, तो सगळा टॅक्सचा फंडा होता. ब्रिटनच्या कायद्यात ठरावीक वजनापेक्षा (साधारण चारशे किलो) हलकी तीनचाकी ही मोटरसायकलच्या खात्यात धरली जायची. रोड टॅक्स मोटरसायकलचा, लायसन्सही मोटरसायकलचं चालायचं. आता कल्पना करा, खाणीत किंवा गिरणीत काम करणारा एक माणूस आहे. त्याच्याकडे बाइक आहे, साइडकार आहे. लग्न झालं, एक मूल झालं, दुसरं झालं. पावसात बायको-पोरांना साइडकारमध्ये किती दिवस कोंबणार? कार घ्यायची तर नवं लायसन्स आणि दुप्पट खर्च. त्याच्यासाठी रिलायंटनं छप्पर, काचा आणि चार सीटवाली ‘मोटरसायकल’ बनवली! वजन मर्यादेत बसावं म्हणून बॉडी फायबरग्लासची, इंजिन अॅल्युमिनियमचं. पुढे १९७३ मध्ये हिचीच धाकटी बहीण रॉबिन आली, आणि रिलायंटनं ती २००१ पर्यंत बनवली.

आणि त्या उलटण्याचं म्हणाल तर पुढचं चाक एकच असल्यामुळे वळणावर ब्रेक मारला की वजन पुढच्या कोपऱ्यात जातं, आणि तिथे आधार द्यायला चाकच नसतं. रिक्षात बसून वळणावर ज्यांनी बाहेरचा दांडा घट्ट पकडलाय, त्यांना हे फिजिक्स तोंडपाठ आहे. पण टीव्हीवाल्यांनी तिची जरा जास्तच बदनामी केली. २०१० मध्ये ‘टॉप गिअर’मध्ये जेरेमी क्लार्कसन दर वळणावर रॉबिन उलटवताना दिसला. त्यानंच काही वर्षांनी सांगून टाकलं, की गाडीत मुद्दाम फेरफार केले होते. म्हणजे बघा, बीनपासून क्लार्कसनपर्यंत सगळ्यांनी त्या गरिबाच्या गाडीवर हात धुऊन घेतले.

पेट्रोल नाही, रिव्हर्स नाही

या विचित्र गाड्यांच्या मागे लागलं की एक गोष्ट लक्षात येते. जितकी गाडी चक्रम, तितकी तिच्यामागची अडचण खरी.

१९५६ मध्ये सुएझ कालव्याचा राडा झाला, ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं, आणि अंड्यासारख्या ‘बबल कार’ना एकदम भाव आला. त्यातली सगळ्यात लाडकी इझेट्टा. मूळ इटालियन, पुढे बीएमडब्ल्यूनं घेतली आणि १९५७ पासून इंग्लंडमध्ये ब्रायटनला बनायला लागली. तिला दार एकच, आणि तेही पुढे, फ्रिजसारखं उघडणारं! ब्रिटिश तीनचाकी इझेट्टाला रिव्हर्स गिअर नसायचा, कारण मोटरसायकलच्या लायसन्सवर चालवायची तर रिव्हर्स असून चालत नसे. त्यामुळे भिंतीला नाक लावून गाडी उभी केलीत, की झालात आत बंद. दार उघडत नाही, गाडी मागे जात नाही. आमच्या ठाण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ही गाडी असती तर रोज एक तरी माणूस हॉर्न वाजवत बसला असता.

पण मला इझेट्टातलं सगळ्यात आवडलेलं वेगळंच आहे. ब्रायटनचा तो कारखाना रेल्वेच्या जुन्या वर्कशॉपमध्ये होता, आणि तिथे जायला धड रस्ताच नव्हता. सुटे भाग रेल्वेनं यायचे, तयार गाड्या रेल्वेनंच बाहेर जायच्या. मोटारीचा कारखाना, आणि भिस्त सगळी ट्रेनवर! सेंट्रल लाइनवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे ऐकून भरून आलं नाही तरच नवल.

आयल ऑफ मॅन बेटावरची पील पी-५० तर याहून भन्नाट. लांबी साडेचार फूट, वजन ५९ किलो, इंजिन ४९ सीसीचं. एक माणूस, एक दार, एक हेडलाइट. रिव्हर्स नाही, त्याऐवजी मागे एक हँडल. उतरायचं, उचलायची, फिरवायची. १९६२ ते १९६५ मध्ये मोजक्याच बनल्या, किंमत १९९ पौंड. तीच पील २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात १ लाख ७६ हजार डॉलरला गेली. ज्यानं ती परवडते म्हणून घेतली असेल, त्याचा आत्मा कुठेतरी कपाळावर हात मारत असणार.

‘मिनी’बद्दल फार लिहीत नाही, तिच्याबद्दल सगळ्या जगानं लिहून झालंय. १९५९ मध्ये अॅलेक इसिगोनिसनं इंजिन आडवं बसवलं आणि छोट्या गाडीचा नकाशाच बदलला. ५३ लाखांहून जास्त बनल्या, शेवटची २००० मध्ये. मला जास्त जवळची वाटते ती मिनीशी लढायला निघालेली आणि हरलेली हिलमन इम्प.

इम्प ते भांडुप

इम्प १९६३ मध्ये आली. इंजिन मागे, ८७५ सीसीचं, अॅल्युमिनियमचं. त्या इंजिनाची वंशावळ आगीच्या बंबाच्या पंपापर्यंत जाते! मागची काच वर उचलून सामान टाकायची सोय. कागदावर गाडी मस्त. पण ती बनवणाऱ्या रूट्स ग्रुपचं मुख्य बस्तान इंग्लंडच्या कोव्हेंट्रीत, आणि सरकारच्या आग्रहामुळे नवा कारखाना मात्र स्कॉटलंडमधल्या लिनवूडला. मग काय, इंजिनाचं ओतकाम लिनवूडला व्हायचं, ते धूड कोव्हेंट्रीजवळच्या रायटनला जायचं, तिथे इंजिन तयार होऊन परत लिनवूडला यायचं. एका बाजूला सुमारे पाचशे किलोमीटर. कर्जतहून चर्चगेटला रोज ये-जा करणाऱ्यांनीसुद्धा नमस्कार करावा असा प्रवास. संप, गळती, तक्रारी... इम्पनं रूट्सला असं काही पिळलं, की १९६७ पर्यंत अख्खा ग्रुप अमेरिकेच्या क्रायस्लरच्या ताब्यात गेला.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण रूट्स हे नाव आपल्याला परकं नाही. याच रूट्स ग्रुपनं १९४९ मध्ये मुंबईत ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ ही कंपनी काढली होती. एपीआय, भांडुपची! ठाण्याहून एलबीएस रोडनं निघालं की मुलुंड संपल्यावर लागणारं भांडुप. कंपनी पुढे मद्रासच्या एम. ए. चिदंबरम यांच्या ग्रुपकडे गेली आणि एपीआय म्हटलं की लोकांना लॅम्ब्रेटा स्कूटर आठवायला लागली. नंतर तिचीच लॅम्बी झाली. लॅम्ब्रेटाच्या तीनचाकीवरून एपीआयनं मालवाहू आणि प्रवासी तीनचाक्याही काढल्या. आपल्या आई-बाबांच्या लग्नाच्या अल्बममध्ये एखादी लॅम्ब्रेटा नक्की सापडेल, जरा मागची पानं चाळा.

तर कोव्हेंट्रीचा एक धागा भांडुपला येऊन थांबला. दुसरा धागा आणखी पुढे आला. थेट डोंबिवलीपर्यंत. आणि तो जाम इंटरेस्टिंग आहे.

क्रायस्लरलाही युरोपातला पसारा झेपेना. १९७८ मध्ये त्यांनी तो सगळा फ्रान्सच्या प्यूजोला विकला. प्यूजोनं या गाड्यांना ‘टॅल्बोट’ असं जुनंच एक नाव दिलं. रूट्सची जुनी माणसं ज्या कोव्हेंट्रीत काम करायची, तिथल्या डिझाइन ऑफिसात एका नव्या टॅल्बोटवर काम सुरू झालं. नाव ठरलं अॅरिझोना. पैसे कमी, म्हणून प्यूजो २०५ चा सांगाडा घेतला, पुढची दारंही २०५ चीच लावली, आणि मागे एक मोठी, फुगीर, गोलाकार काच बसवली. गाडी तयार झाली आणि ऐनवेळी प्यूजोनं टॅल्बोट हे नावच मोडीत काढलं. बारसं झालेल्या पोराचं नाव बदलावं तशी अॅरिझोनाची झाली प्यूजो ३०९. साल १९८५. रायटनच्याच कारखान्यात ती बनायला लागली, ब्रिटनमध्ये बनलेली पहिली प्यूजो. नंबरसुद्धा बिचारीला धड मिळाला नाही. ३०९ आधी आली आणि ३०६ तिच्यानंतर, १९९३ मध्ये! घरच्यांनीच तिला पूर्णपणे आपलं मानलं नाही, असं मला नेहमी वाटतं.

आणि हीच गाडी १९९४ मध्ये पाल-प्यूजो या नावानं आपल्याकडे आली.

प्रीमियरच्या गेटवर

कल्याण-शीळ रोडवर ‘प्रीमियर’ म्हटलं की अजूनही रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा पहिला कारखाना कुर्ल्याचा. फियाट ११००, तिचीच पुढची पद्मिनी, म्हणजे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा. (पद्मिनी टॅक्सीनं ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आठवतंय ना?) प्रीमियरचा दुसरा कारखाना आपल्याकडे, कागदोपत्री कल्याण प्लँट, प्रत्यक्षात डोंबिवलीच्या कुशीत. ११८ एनई इथली, आणि मग ही ३०९.

तो काळ आठवून बघा. १९९१ नंतर दारं उघडली होती, पण रस्त्यावर अजून अॅम्बेसेडर, पद्मिनी आणि मारुती हेच त्रिकूट. अशात आपल्या पत्र्याच्या शेड आणि केमिकलच्या वासाच्या डोंबिवलीतून एक युरोपियन गाडी बाहेर पडते! १३६० सीसीचं पेट्रोल इंजिन, नंतर डिझेलही. खड्ड्यातून जाताना पोटातलं पाणी न हलवणारं सस्पेन्शन. ज्यांनी चालवली ते अजून त्या सस्पेन्शनबद्दल बोलतात, आणि कल्याण-शीळ रोडवरचा माणूस सस्पेन्शनबद्दल उगाच काही बोलत नाही.

पण फार काळ चाललं नाही. कामगारांचं आंदोलन लांबलं, आणि १९९७ मध्ये प्यूजोनं काढता पाय घेतला. रायटनचा कारखानाही २००६ मध्ये बंद झाला, पाडला, आता तिथे गोदामं आहेत. आपल्याकडे त्या पट्ट्यात टॉवर उभे राहिले. तुमच्यापैकी कुणी तिथे टूबीएचके बुक केला असेल, तर हप्ते भरताना एवढं ध्यानात असू द्या, की पार्किंगच्या आसपास कुठेतरी कधीकाळी असेम्ब्ली लाइन होती.

यातली सगळ्यात भारी गंमत पुढची आहे. प्रीमियरनं चाळीसच्या दशकात सुरुवात केली ती क्रायस्लरच्या डॉज ट्रकपासून. मग कुर्ल्यात फियाट. मग डोंबिवलीत प्यूजो. तीन वेगळ्या देशांतल्या तीन वेगळ्या कंपन्या, बरोबर? २०२१ मध्ये ‘स्टेलांटिस’ नावाची एक महाकाय कंपनी झाली आणि क्रायस्लर, फियाट, प्यूजो तिघंही एकाच छपराखाली गेले. रूट्सचे जे काही अवशेष उरले असतील, तेही तिथेच. म्हणजे आपल्या प्रीमियरनं पन्नास वर्षांत ज्यांच्याशी सोयरीक केली, ते सगळे नंतर एकमेकांचे नातेवाईक निघाले. फक्त त्या घरात प्रीमियर नाही.

मामाची गाडी

माझ्या मामाकडे ३०९ आहे. १९९६ ची, बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या रंगाची. मामा डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कंपनीत सुपरवायझर होता, त्यानं ही २००१ मध्ये ठाण्यातल्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली. टिळकनगरमधली चार मजली बिल्डिंग, खाली सहा गाड्यांची जागा, त्यातल्या कोपऱ्यात ती उभी असते. महिन्यातून दोनदा मामा तिला गणेश मंदिरापर्यंत आणि परत अशी चक्कर मारून आणतो. आजारी माणसाला गच्चीवर नेऊन आणावं तसं.

मी त्याला एकदा म्हटलं, “मामा, विकून टाक ना. मोकळा हो.”

“कोणाला विकू? भंगारवाला आला होता. तो गाडीचे पैसे देत नाही रे, वजनाचे देतो.”

“पण पार्ट मिळतात का अजून?”

यावर मामा खुलतो. इंजिनाचे मिळतात, कारण प्यूजोनं त्याच घराण्यातलं इंजिन पुढे बरीच वर्षं वापरलं. पुढच्या दारांचं काही लागलं तर २०५ चं बसतं, आणि २०५ युरोपात लाडकी असल्यामुळे तिचा माल अजून बनतो. बाकी बारीकसारीक कुर्ल्याच्या स्पेअर पार्ट मार्केटमध्ये शोधायचं, आणि कल्याणचा एक मेकॅनिक आहे, तो ‘बनवून देतो’. मामाची झोप उडते ती एकाच गोष्टीनं. मागची फुगीर काच. ती फक्त ३०९ ची. दुसऱ्या कुठल्याच गाडीची तिथे बसत नाही. त्यामुळे बिल्डिंगमधल्या पोरांचं क्रिकेट सुरू झालं, की मामा वर्तमानपत्र घेऊन खाली येऊन बसतो. पेपर नावाला, लक्ष सगळं बॉलकडे.

आता खरा पेच. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मामानं २०११ मध्ये केलं, २०१६ मध्ये केलं, २०२१ मध्ये केलं, तेव्हा त्याची सरकारी फी होती ६०० रुपये. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या गाडीला ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाडीला १०,००० झाली. म्हणजे मामाच्या २०२६ च्या नूतनीकरणाला ६०० चे थेट १०,०००. वर ग्रीन टॅक्स, फिटनेस, पीयूसी, एजंट. एवढ्यात भंगारवाल्याचा भाव पार होतो.

मी म्हटलं, मग व्हिंटेजमध्ये घाल! तर तिथेही दार बंद. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, पहिल्या रजिस्ट्रेशनला वीस हजार रुपये, पुढचं दहा वर्षांनी. ती गाडी रोज वापरायची नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती. ठीक आहे. पण अट अशी, की गाडी पन्नास वर्षांपुढची हवी. मामाची गाडी पन्नाशी गाठणार २०४६ मध्ये. मामा आत्ता एकोणसत्तर.

आहे की नाही गंमत? वीस वर्षांची झाली की सरकारच्या दृष्टीनं ती कटकट, आणि पन्नासची झाली की वारसा. मधली तीस वर्षं तिनं कुठे काढायची? बड्या लोकांच्या रोल्स रॉइस आणि पॅकार्ड ती तीस वर्षं बंगल्याच्या गॅरेजमध्ये काढतात. डोंबिवलीच्या ३०९ ला गॅरेज नसतं, कॉमन पार्किंग असतं. आणि आता तेही नाही, कारण बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय. बिल्डर तीन वर्षांचं भाडं देतोय, ते माणसांचं. गाडीच्या भाड्याचा मुद्दा मामानं सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढला, तर लोक हसले. परत येऊ तेव्हा स्टॅक पार्किंग मिळणार, वर-खाली होणाऱ्या लोखंडी ट्रेमध्ये.

मला विचाराल तर वीस आणि पन्नासच्या मधल्या गाड्यांसाठी एक साधी पायरी हवी. गाडी रोज वापरणार नाही असं लिहून द्यायचं, वर्षाला काही शे किलोमीटरची मर्यादा, आणि फी आटोक्यात. धूर सोडत रोज ऑफिसला जाणाऱ्या जुन्या डिझेल गाडीला आणि महिन्यातून दोनदा देवळापर्यंत जाणाऱ्या गाडीला एकाच मापानं मोजण्यात काय पॉइंट आहे?

आणि तीनचाक्यांचं काय?

त्या नियमात आणखी एक मौज आहे. व्हिंटेजची व्याख्या दुचाकी आणि चारचाकीची आहे. तीनचाकीचं नावच नाही! म्हणजे मिस्टर बीनची निळी रिलायंट पन्नास काय शंभर वर्षांची झाली, तरी आपल्याकडे तिला ‘व्हीए’ नंबर मिळायचा नाही. बीन नाही तर आरटीओ, कुणीतरी तिला आडवं करणारच.

खरं तर रिलायंटचं रक्त आपल्या देशात आलं होतं. रॉबिनला चौथं चाक लावून रिलायंटनं ‘किटन’ नावाची गाडी काढली होती. तिचे साचे आणि हक्क घेऊन बंगळुरूच्या सिपानीनं १९८२ मध्ये ‘डॉल्फिन’ आणली. तीच फायबरग्लासची बॉडी, तेच ८४८ सीसीचं इंजिन, दोन दारं. त्याआधी याच मंडळींनी ‘बादल’ नावाची तीनचाकी कारही काढली होती, पुढे एक चाक, मागे इंजिन. बादल लवकर विरला. डॉल्फिन रॅलीत जोरात पळाली, पण डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि विषय संपला.

आपल्या महाराष्ट्रात तर याहून जुना वेडा माणूस होऊन गेला. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. त्यांनी १९४९ मध्ये स्वतःच्या हातानं छोटी कार बनवली, नाव ‘मीरा’. पुढची पंचवीसेक वर्षं ते नवनवी मॉडेलं करत राहिले, एअर-कूल्ड इंजिन, मागे बसवलेलं. कारखाना मात्र कधी उभा राहिला नाही. ब्रिटनमध्ये जन्मले असते तर आज त्यांच्या नावानं क्लब असता आणि दर वर्षी कुठल्यातरी हिरवळीवर लोक थर्मासमधला चहा पीत त्यांच्या गाडीभोवती उभे राहिले असते.

बाकी तीनचाकीला आपण ब्रिटिशांपेक्षा चांगलं वागवलं, हे मानायला हवं. जर्मन ‘टेंपो’ कंपनीची हनसीट ही तीनचाकी १९५८ पासून बजाज टेंपोनं बनवायला घेतली, आणि मराठीत सामान वाहणाऱ्या प्रत्येक गाडीचं नाव टेंपो पडलं. घर बदलताना आपण अजून ‘टेंपो सांगितलाय’ म्हणतो, आली ती छोटा हत्ती असली तरी. रिक्षाचं तर विचारूच नका. रॉबिन बंद पडून दोन दशकं उलटली, पण डोंबिवली पूर्वेला संध्याकाळी साडेसातला उतरा. शेअर रिक्षाची रांग, मागे तिघं, आणि चौथा ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या सीटवर, एक पाय बाहेर. परवानगी तिघांचीच, हे सगळ्यांना माहीत. पुढचं चाक मधोमध आणि मागची दोन कडेला, त्यामुळे तिन्ही चाकांच्या वाटा वेगळ्या, आणि रस्त्यातला कुठलाही खड्डा चुकवलात तरी एक चाक त्यात जातंच. टॅमवर्थच्या इंजिनिअरला ही चौथी सीट दाखवली असती, तर त्यानं कारखान्याला कुलूप लावून मोकळ्या मनानं डोंबिवलीतच मुक्काम टाकला असता.

मामाचं म्हणाल, तर त्यानं ठरवलंय. दहा हजार भरायचे. फिटनेससाठी दोन टायर नवे टाकलेत, ब्रेकचं काम कल्याणला झालंय. बिल्डिंग खाली करायची तारीख आली की गाडी मुरबाडला मामीच्या भावाच्या घरी, गोठ्याशेजारच्या शेडमध्ये जाणार आहे. मामीनं त्यासाठी दोन जुन्या गोधड्या बाजूला काढल्यात, मागच्या काचेवर बांधायला.

आणि हो, ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कुणाच्या बिल्डिंगखाली धूळ खात पडलेली ३०९ असेल आणि ती भंगारात चाललीच असेल, तर कृपया एक करा. मागची काच आधी काढून ठेवा. मामा विचारतोय.